व्होल्टेजवर सूर बदलणारं सर्किट: ग्राफीन जंक्शनमधून नेमकं काय मिळतं?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. बेळगावात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, ग्राफीनच्या ट्यूनेबल सुपरकंडक्टिंग सर्किटांवर सेमिनार द्यायचाय. ग्राफीनचा क्युबिट ५५ नॅनोसेकंद टिकला असं वाचलं. साधे क्युबिट तर त्याच्या हजारो पट टिकतात. मग ग्राफीनच्या मागे कशाला लागायचं? ट्यून होतं म्हणजे नक्की काय होतं? आणि पुढे यातच पीएच.डी. करायची झाली तर बेळगावात राहून आत्तापासून काय शिकता येईल?"

तिन्ही प्रश्न नेमके आहेत. (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक.) मी सोळा वर्षं मिलिकेल्विनच्या प्रयोगशाळांत काढली, आधी मुंबईला आणि मग बाहेर; आता बेळगावात टिळकवाडीत घरी आलोय. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून सरळ 'तू'च म्हणतो.

आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. ग्राफीन जंक्शनकडे, म्हणजे दोन सुपरकंडक्टरांमधल्या ग्राफीनच्या दुव्याकडे, ॲल्युमिनियमच्या क्युबिटला पर्याय म्हणून बघू नकोस. तसं बघितलंस तर ते आज हरतं आणि तुझा सेमिनार पाच मिनिटांत संपतो. त्याच्याकडे बघायचं ते व्होल्टेजवर फिरणारी एक कळ म्हणून. करंट वाहवायचा नाही, चुंबकीय क्षेत्र लावायचं नाही, नुसतं व्होल्टेज बदलायचं आणि सर्किटमधल्या इंडक्टरची किंमत बदलते. ५५ नॅनोसेकंद हा आकडा ती कळ बसवलेल्या एका सुरुवातीच्या यंत्राचा आहे. कळीची किंमत त्यावरून ठरत नाही.

आता मुळापासून. एक कपॅसिटर, एक इंडक्टर, दोन्ही सुपरकंडक्टरचे, म्हणजे रोध शून्य. बारावीत शिकलो तेच एलसी सर्किट. ते २० मिलिकेल्विनपर्यंत गार केलं की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या सुट्या दिसायला लागतात. इतकं गार का? ५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत ०.२४ केल्विन होते. सर्किट त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास नेलं नाही तर उष्णताच त्याला पायऱ्या चढवत-उतरवत बसते.

पण साध्या एलसीच्या पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या. शून्यावरून एकवर जायला जी फ्रीक्वेन्सी लागते तीच एकवरून दोनवर जायला. धक्का दिला की सर्किट एकवर थांबत नाही, वर चढतच जातं. क्युबिटला खालच्या दोनच पायऱ्या हव्यात, म्हणून पायऱ्या असमान करणारं काहीतरी लागतं. इथे मला नेहमी हलगी आणि तबला आठवतो. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे सूर एकमेकांच्या पटीत नसतात, म्हणून हलगी गाण्याच्या सुरात लावता येत नाही. तबल्याच्या पुडीवर शाई चढवली की तेच वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं. तबलजीला पटीतले सूर हवे असतात; आपल्याला उलटं हवं, हलगीचा गुण. एलसी सर्किटची शाई खरवडून काढायचं काम जोसेफसन जंक्शन करतं.

जंक्शन म्हणजे दोन सुपरकंडक्टरांमध्ये एक कमकुवत दुवा. १९६२ साली बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी गणिताने दाखवलं की अशा दुव्यातून व्होल्टेज न लावताही करंट जातो, आणि त्याला मर्यादा असते. त्या मर्यादेला क्रिटिकल करंट म्हणतात. नेहमीच्या जंक्शनमध्ये खाली ॲल्युमिनियम, मध्ये एक-दोन नॅनोमीटर ॲल्युमिनियम ऑक्साइड, वर पुन्हा ॲल्युमिनियम. ऑक्साइड म्हणजे ॲल्युमिनाच. आपल्या यमनापूरच्या कारखान्यात जी पांढरी पूड तयार होते तेच हे रसायन, इथे फक्त काही अणूंच्या जाडीचं. हा पडदा किती जाड, यावर क्रिटिकल करंट ठरतो आणि क्रिटिकल करंटवरून इंडक्टन्स.

फळ्यावर एवढं एक गणित करून दाखव. क्रिटिकल करंट ३० नॅनोॲम्पिअर असेल तर इंडक्टन्स सुमारे ११ नॅनोहेन्री. त्याला ८० फेम्टोफॅरडचा कपॅसिटर जोडला की फ्रीक्वेन्सी ५.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. क्रिटिकल करंट चौपट केला की इंडक्टन्स पाव होतो आणि फ्रीक्वेन्सी दुप्पट. झालं, 'ट्यून होतं म्हणजे काय' याचं उत्तर यातच आलं. क्रिटिकल करंट बदलला की सूर बदलला.

अडचण अशी की ऑक्साइड एकदा वाढला की वाढला. चिप मिलिकेल्विनच्या फ्रिजमध्ये गेल्यावर त्याची जाडी कोण बदलणार? म्हणून एका जंक्शनऐवजी दोन घेतात, त्यांचं वळं करतात आणि वळ्यातून चुंबकीय फ्लक्स घालतात. याला स्क्विड म्हणतात. फ्लक्स बदलला की दोन वाटांचे करंट एकमेकांना कमी-जास्त काटतात आणि एकूण क्रिटिकल करंट बदलतो. गूगलच्या चिपपासून कितीतरी चिप याच मार्गाने ट्यून होतात, आणि उत्तम होतात. पण त्यासाठी प्रत्येक क्युबिटशेजारून एक तार न्यावी लागते आणि तिच्यातून मिलिॲम्पिअरच्या घरातला करंट सोडावा लागतो. तो करंट शेजारच्या क्युबिटलाही थोडा हलवतो. वळं आजूबाजूचा चुंबकीय गोंगाटही पकडतं. आणि प्रयोगच मोठ्या चुंबकीय क्षेत्रातला असेल तर स्क्विडचा आणि पातळ ॲल्युमिनियमचा फारसा भरवसा उरत नाही.

दुव्याच्या जागी ऑक्साइड न ठेवता असं काही ठेवलं, ज्यातल्या इलेक्ट्रॉनांची संख्याच बाहेरून बदलता येते, तर? इथे ग्राफीन येतं.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून वेगळा केला, २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. ग्राफीन स्वतः सुपरकंडक्टर नाही. पण दोन सुपरकंडक्टरांच्या मध्ये त्याची अर्ध्या मायक्रॉनहून छोटी पट्टी ठेवली की त्यातून सुपरकरंट जातो. कारण असं: ग्राफीनमधला एकटा इलेक्ट्रॉन सुपरकंडक्टरच्या सीमेवर येतो तेव्हा त्याला आत एकट्याने शिरता येत नाही, तिथे जोडीनेच प्रवेश. तो एक साथीदार उचलतो, दोघं जोडीने आत जातात, आणि उचललेल्या साथीदाराची रिकामी जागा, म्हणजे होल, आल्या वाटेने उलटी जाते. पलीकडच्या सीमेवर तेच उलट्या क्रमाने. असं येणं-जाणं चालू राहिलं की एकेक जोडी या काठावरून त्या काठावर पोचते. आंद्रेयेव्ह यांनी १९६४ साली हे परावर्तन मांडलं म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. २००७ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने ग्राफीनमधून असा सुपरकरंट मोजला, आणि तो इलेक्ट्रॉनांच्या बाजूलाही जातो, होलच्या बाजूलाही जातो, हे दाखवलं.

आता गेट. पट्टीखाली किंवा वर, मध्ये इन्सुलेटर ठेवून, धातूचा एक थर असतो. त्यावर व्होल्टेज लावलं की कपॅसिटरसारखं ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन जमतात किंवा कमी होतात. मध्ये ३० नॅनोमीटर बोरॉन नायट्राइड धर. एका व्होल्टला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ६० हजार कोटी इलेक्ट्रॉन वाढतात. आकडा मोठा वाटतो, पण आपली पट्टी एक मायक्रॉन रुंद आणि ०.३ मायक्रॉन लांब. तिच्या वाट्याला एका व्होल्टमागे दोन हजाराच्या आतच इलेक्ट्रॉन येतात. तेवढ्यावर सर्किटचा सूर शेकडो मेगाहर्ट्झने सरकतो. आणि एकदा व्होल्टेज स्थिर झालं की गेटमधून करंट वाहत नाही. २० मिलिकेल्विनला जिथे मायक्रोवॅटचा हिशेब ठेवावा लागतो तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

बेळगावात गेट म्हटलं की आपल्याला रेल्वेचं पहिलं, दुसरं, तिसरं गेट आठवतं. ते एक तर उघडं, नाही तर बंद. ग्राफीनचं गेट तसं पूर्ण कधीच बंद होत नाही. ग्राफीनला ऊर्जेची गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा, नाही, त्यामुळे जिथे इलेक्ट्रॉन सर्वांत कमी असतात त्या डिरॅक बिंदूवरही थोडा सुपरकरंट उरतोच. ट्रान्झिस्टर करणाऱ्याला हा दोष वाटतो. आपल्याला बंद करायचंच नाहीये, फक्त कमी-जास्त करायचंय.

प्रत्यक्ष मोजताना हे कसं दिसतं, ते बघ. रात्री फ्रिज तळाला पोचलेला असतो. कुठल्या फ्रीक्वेन्सीला सर्किट कसं वागतं ते दाखवणाऱ्या नेटवर्क ॲनलायझरच्या पडद्यावर एका सपाट रेषेत एक अरुंद खड्डा दिसतो, तो रेझोनेटर, म्हणजे आपल्या सर्किटचा सूर. गेटचं व्होल्टेज शून्यावरून वर चढवत गेलं की खड्डा उजवीकडे, वरच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकतो. खाली आणलं की डावीकडे येतो, डिरॅक बिंदूपाशी झपकन खाली कोसळतो. पुढे उणे बाजूला गेलं की पुन्हा वर चढतो, पण पहिल्याएवढा नाही आणि सरळही नाही, लाटा घेत घेत. दोन बाजू सारख्या का नाहीत, हा प्रश्न तुला सेमिनारमध्ये कुणीतरी विचारणारच. संपर्काचा धातू जवळच्या ग्राफीनला आपले इलेक्ट्रॉन देतो. गेटने मधला भाग होलचा केला तरी कडेचा भाग इलेक्ट्रॉनांचाच राहतो, मग दोन्ही कडांना पी-एन सीमा तयार होतात. त्या अर्धवट आरशासारख्या वागतात, लहरी त्यांच्यामध्ये मागे-पुढे आपटतात आणि त्याच लाटा पडद्यावर उमटतात. या लाटा दिसल्या की मला बरं वाटतं. इलेक्ट्रॉन वाटेत न धडकता एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर जातायत, म्हणजे नमुना स्वच्छ आहे, याची ती खूण.

स्वच्छ नमुना करणं हे या विषयातलं निम्म्याहून जास्त काम. लेखांत ते दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ग्राफीन उघडं ठेवलं की त्याच्यावर हवेतलं काहीही चिकटतं आणि खालच्या सिलिकॉन ऑक्साइडमधले भार त्याला त्रास देतात. उपाय २०१० साली कोलंबिया विद्यापीठातून आला: ग्राफीन षट्कोनी बोरॉन नायट्राइडवर ठेवायचं. पुढे ते त्याच्याच दोन पदरांत झाकायला लागले. जपानमधल्या त्सुकुबाचे तानिगुची आणि वातानाबे हे स्फटिक उच्च दाबाखाली वाढवतात. जगभरातल्या ग्राफीनच्या लेखांवर या दोघांची नावं दिसतात ती त्यामुळे. आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर ग्राफाइट सोलून ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकपदरी तुकडा शोधायचा. ऑक्साइडची जाडी तीनशे नॅनोमीटरच्या जरा खाली ठेवली की पृष्ठभाग जांभळा दिसतो आणि त्यावर एकपदरी ग्राफीन म्हणजे जांभळ्या रेशमी पदरावर पाण्याचा थेंब वाळून राहावा तसा पुसटसा डाग. पहिले दोन आठवडे तो दिसतच नाही. मग एक दिवस डोळा बसतो, आणि त्यानंतर तो चुकत नाही.

मग काचेच्या पट्टीवर मऊ रबराचा उंचवटा, त्यावर पॉलिमरचा पातळ पडदा. याने वरचा बोरॉन नायट्राइड उचलायचा, त्याने ग्राफीन उचलायचं, आणि दोन्ही खालच्या पदरावर टेकवायचे. टेकवताना मध्ये हवा आणि कार्बनची घाण अडकून फुगे येतात. मोबाईलला स्क्रीनगार्ड लावताना येतात तसेच, फक्त इथे बोटाने ढकलता येत नाहीत. खालची पट्टी शंभर अंशांच्या वर तापवून संपर्काची रेषा एकेक मायक्रॉन पुढे न्यायची, फुगे तिच्यापुढे ढकलले जातात. घाई केली की अडकतात. माझ्या हातून पहिल्या वर्षी चाळीसेक थर झाले असतील, वापरण्याजोगे सहा.

पदरांत झाकलेल्या ग्राफीनला धातू जोडायचा कुठे? ही युक्ती २०१३ साली निघाली. थर कापायचा आणि कापलेल्या कडेवर धातू चढवायचा. पुरणपोळी कापली की कडेला पुरणाची रेघ दिसते, तशी इथे एका अणूच्या जाडीची रेघ उघडी पडते, आणि तेवढ्यावर धातू पक्का धरतो. डेल्फ्टच्या गटाने २०१५ साली मोलिब्डेनम-ऱ्हेनियमचे असे संपर्क देऊन न धडकता जाणारा सुपरकरंट दाखवला. पूर्ण मायक्रोवेव्ह सर्किटं त्यानंतर तीनच वर्षांत आली.

एवढं करून नमुना एका क्षणात मारताही येतो. एका हिवाळ्यात, बाहेरच्या एका प्रयोगशाळेत, मी अंगात लोकरीचा स्वेटर घालून केबल जोडत होतो. आपल्या बेळगावच्या चार महिने ओल्या हवेत वाढलेल्या माणसाला कोरड्या हवेचं भान नसतं. मनगटाचा अर्थिंगचा पट्टा टेबलावरच राहिला होता आणि जंक्शनचा स्विच ग्राउंडवर नव्हता. केबल टेकली, ठिणगी दिसली नाही की आवाज आला नाही. रोध मोजला तर अनंत. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफीनच्या जागी एक काळपट भेग. तीन महिन्यांचं काम होतं. तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहिलेला असतो: आधी पट्टा, मग सगळे स्विच ग्राउंडवर, मग केबल, मग एकेक स्विच वर. तूही लिहून ठेव. गेटचंही तसंच. बोरॉन नायट्राइडच्या जाडीत दर नॅनोमीटरमागे पाव व्होल्टच्या पुढे मी जात नाही, आणि गळती करंट मोजत राहिल्याशिवाय गेट हलवत नाही.

आता तुझे ५५ नॅनोसेकंद. एमआयटीच्या गटाने २०१८ च्या अखेरीला हा ग्राफीन क्युबिट प्रसिद्ध केला. गेटवर ट्यून होणारा क्युबिट त्याआधीच, २०१५ साली, कोपनहेगन आणि डेल्फ्टमध्ये इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारांवर झाला होता. त्याला गेटमॉन म्हणतात, आणि टिकण्याच्या बाबतीत ते आजही ग्राफीनच्या पुढे आहेत. एमआयटीचं महत्त्व हे की ग्राफीनच्या जंक्शनवर क्वांटम अवस्था तयार करून, फिरवून, ती किती वेळ टिकते हे त्यांनी वेळेत मोजलं. त्याआधी ग्राफीनवर एवढं झालेलं नव्हतं. तुलना करायचीच तर ही कर: १९९९ साली जपानच्या एनईसी कंपनीत पहिला सुपरकंडक्टिंग क्युबिट झाला तेव्हा त्याचं आयुष्य काही नॅनोसेकंदांचं होतं. २०२१ साली प्रिन्स्टनच्या टँटलमच्या क्युबिटने ०.३ मिलिसेकंद ओलांडले. त्याच्यापुढे ५५ नॅनोसेकंद म्हणजे पाच हजारांतल्या एका भागाहूनही कमी.

पण यावरून ग्राफीनही वीस वर्षांत तिथे पोचेल असं सेमिनारमध्ये म्हणू नकोस. ॲल्युमिनियमवाल्यांनी कपॅसिटरचा पृष्ठभाग आणि ऑक्साइड सुधारत आयुष्य वाढवलं. ग्राफीनमध्ये गळतीच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि सगळ्यात अवघड वाट जंक्शनच्या आतच आहे. पट्टी रुंद आणि आखूड असते. तिच्यात काही इलेक्ट्रॉन सरळ पलीकडे न जाता संपर्काला समांतर लांबचा पल्ला घेतात. अशांच्या ऊर्जेच्या पातळ्या सुपरकंडक्टरच्या गॅपमध्ये फार खाली असतात. तिथे मायक्रोवेव्हची ऊर्जा झिरपून जायला जागा मिळते. ऑक्साइडच्या जंक्शनला ही कटकट नाही. शिवाय गेटची तार ही क्युबिटपर्यंत आलेली आणखी एक वाट. तिला नीट फिल्टर नसेल तर गोंगाट तिच्यातून आत येतो आणि फोटॉन तिच्यातून बाहेर जातात. बोरॉन नायट्राइड मात्र निर्दोष निघालं. एमआयटीच्याच गटाने २०२२ साली त्याचे कपॅसिटर करून दाखवलं की त्यात ऊर्जा फार कमी वाया जाते.

आणखी एक गोष्ट आहे, ती परिचयाच्या लेखांत येत नाही. ऑक्साइडच्या जंक्शनमधून जोड्या अगदी थोड्या संभाव्यतेने पलीकडे जातात. चांगल्या ग्राफीन जंक्शनमध्ये बऱ्याच वाटा जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून एवढ्याशा पट्टीतून पुरेसा सुपरकरंट मिळतो. पण पारदर्शक वाटेने पायऱ्यांची असमानता कमी होते. ऑक्साइडच्या क्युबिटमध्ये ती २०० ते ३०० मेगाहर्ट्झ असते. पूर्ण पारदर्शक जंक्शनमध्ये तीच पावावर येते, पन्नास-पाऊणशे मेगाहर्ट्झ. मग १० नॅनोसेकंदांचा पल्स दिला, तर त्याची स्वतःची रुंदीच शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास. तो तिसऱ्या पायरीलाही हात लावतो. म्हणजे पल्स लांब करावे लागतात, आणि आयुष्य तर आधीच आखूड. ज्या स्वच्छ संपर्कासाठी आपण इतके कष्ट घेतले, त्यानेच क्युबिटला अडचणीत आणलं. मला हा या विषयातला सर्वांत रंजक पेच वाटतो. तुझ्या जागी मी असतो तर सेमिनारची दहा मिनिटं यालाच दिली असती.

म्हणूनच आज ग्राफीन जंक्शन शोभतं ते दुसऱ्या ठिकाणी. पहिलं ठिकाण ॲम्प्लिफायर. क्युबिट वाचताना बाहेर येणारा संकेत मोजक्या फोटॉनांचा असतो. ४ केल्विनवरचा नेहमीचा ॲम्प्लिफायर त्यात स्वतःचाच कितीतरी फोटॉनांइतका गोंगाट मिसळतो. त्याच्या आधी जोसेफसन जंक्शनचा ॲम्प्लिफायर लावला तर गोंगाट क्वांटम नियमांनी घातलेल्या किमान मर्यादेपर्यंत, अर्ध्या फोटॉनपर्यंत, खाली येऊ शकतो. २०२२ साली मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) मंदार देशमुख आणि आर. विजय यांच्या गटांनी ग्राफीन जंक्शनचा असा ॲम्प्लिफायर करून दाखवला, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गटानेही. वळं नाही, कॉइल नाही. गेट फिरवलं की ॲम्प्लिफायर वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर. इथे ५५ नॅनोसेकंदांचा मुद्दा कसा विरतो तो हिशेब बघ. ५५ नॅनोसेकंद म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या भाषेत जेमतेम ६ मेगाहर्ट्झची रुंदी. ॲम्प्लिफायर बाहेरच्या तारेशी मुद्दाम दहा-दहा, वीस-वीस मेगाहर्ट्झने जोडलेला असतो, कारण संकेत आत-बाहेर करायलाच हवेत. आतली गळती त्यापुढे लहान ठेवली की काम होतं. ॲम्प्लिफायरला दीर्घायुष्य नको, वाकणारा इंडक्टर हवा. तो ग्राफीनकडे आहे.

कुलाब्याला हे झालं, म्हणजे बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर. तुझ्या सेमिनारची पहिली स्लाइड हीच असावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं ठिकाण चुंबकीय क्षेत्र. डेल्फ्टच्या गटाने २०१८ साली ग्राफीन जंक्शनचं सर्किट, क्षेत्र चिपच्या पातळीला समांतर ठेवून, १ टेस्लापर्यंत चालवलं. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे १ टेस्ला हे त्याच्या पंचवीस हजार पट. पापुद्रा एका अणूचा, समांतर क्षेत्राला त्यात शिरायला जागाच नाही. इलेक्ट्रॉनांच्या स्पिनवर काम करणाऱ्यांना अशी सर्किटं लागतात. तिसरं ठिकाण उष्णतेवर चालणारे मायक्रोवेव्ह शोधक. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन इतके थोडे की किंचित ऊर्जेनेही त्यांचं तापमान चटकन चढतं. २०२० साली असे दोन शोधक एकाच वेळी प्रसिद्ध झाले.

दोन पदर १.१ अंशांनी फिरवून ठेवलेलं ग्राफीन स्वतःच १.७ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, हे २०१८ पासून माहीत आहे. तिथे दुवाच नव्हे तर सुपरकंडक्टरच गेटवर बदलतो. ते सेमिनारच्या शेवटी एक वाक्य म्हणून ठेव, त्यात शिरलास तर वेळ पुरणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न. बेळगावात मिलिकेल्विनपर्यंत गार करणारा डायल्यूशन फ्रिज नाही म्हणून काही अडत नाही. कोड लिहून या सर्किटचं गणित लॅपटॉपवर सोडवता येतं: पारदर्शकता शून्यापासून एकपर्यंत बदलत पायऱ्या काढ आणि असमानता पावावर कशी येते ते स्वतः बघ. चिकटपट्टी आणि ग्राफाइट कुठेही मिळतं. कॉलेजच्या धातुशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळा बसवायला सुरुवात कर. प्रत्यक्ष स्वच्छ कक्षात हात लावायचा असेल तर आयआयएससी आणि आयआयटी मुंबईत आयएनयूपी नावाचा कार्यक्रम बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना शिकवतो, आणि टीआयएफआरमध्ये उन्हाळ्याचा विद्यार्थी कार्यक्रम असतो. राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ साली मंजूर झालं, ६००३.६५ कोटींचं. त्यातलं संगणनाचं केंद्र बेंगळुरूला आणि मापनाचं मुंबईला. बेळगाव दोहोंच्या मधोमध. कन्नड येतं, मराठी येतं, तुला दोन्हीकडे घरच्यासारखं वाटेल.

आणि उद्यमबागेत, आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जा. हे मी आवर्जून सांगतो. चिप ज्या तांब्याच्या डबीत बसते ती डबी नीट नसेल तर बाकी सगळं वाया. डबीच्या आतली पोकळी चुकीच्या मापाची झाली की ती स्वतःच ५-६ गिगाहर्ट्झला वाजायला लागते आणि तिचा खड्डा तुझ्या खड्ड्यावर येऊन बसतो. मागच्या वर्षी मी एका मित्रासाठी अशी डबी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. ऑक्सिजनविरहित तांबं, मऊ आणि चिकट. टूलला धरतं, कडेला बारीक बुरी सोडतं. मशीनवरच्या मामांनी ड्रॉइंग बघितलं, बोट फिरवून म्हणाले, "साहेब, हे सावकाश घेऊया की. टूल नवं लावतो, धार उतरली की बदलतो." दोन दिवस लागले. झाकण बसवलं तेव्हा सांध्यात नख अडकत नव्हतं.

पुढच्या रविवारी तिथे जायचं आहे, नव्या डबीचं ड्रॉइंग घेऊन. तूही ये. येताना व्हर्निअर आण, आणि चार पितळी एम२ स्क्रू. लोखंडी आणू नकोस, त्यांचं चुंबकत्व फ्रिजमध्येही तसंच राहतं.